खेळ, छंद आणि व्यसन

भाईंदर पूर्वेला खाडीच्या अंगाला एक जुनी सोसायटी आहे. तिथे दर वद्य एकादशीला आमचे कीर्तन असते. मंडळी सगळी कष्टाची. कोणी सातारा-सांगलीकडून आलेले, कोणी कोकणातले, कोणी इथलेच आगरी-कोळी. भल्या पहाटे लोकल धरून चर्चगेटच्या बाजूला जायचे आणि रात्री आठ-नऊला घामाघूम होऊन परतायचे, हा त्यांचा नेम. तरी एकादशी चुकवीत नाहीत. अशा श्रोत्यांपुढे उभे राहताना आम्हालाच आधी नमस्कार करावासा वाटतो.

मागे एका एकादशीला कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावणे चालले होते. तेवढ्यात एक माउली आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे मनगट धरून पुढे आली. म्हणाली, "महाराज, याला काहीतरी सांगा. रात्र रात्र मोबाइलवर खेळतो. दहावीला काठावर सुटला. आता कॉलेजला जातो म्हणून निघतो आणि जिन्यात बसून खेळतो. माझ्या डब्यातले पैसेसुद्धा त्या खेळात गेले." माउलीच्या डोळ्यांना पाणी आले. मुलगा मान खाली घालून उभा. आम्ही नेहमीच्या सवयीने सुरू केले, "बाळा, व्यसन वाईट हो." त्याने मान वर केली आणि शांतपणे विचारले, "महाराज, तुम्ही एकादशीला रात्रभर भजनात जागता, त्याला जागर म्हणता. मी रात्रभर खेळतो, त्याला व्यसन म्हणता. तुम्ही नामाचे वेड लागावे म्हणता, मला खेळाचे वेड लागले आहे. तुमचे वेड चांगले आणि माझे वाईट, हे ठरवले कोणी?"

मंडळी गप्प झाली. आईने त्याला चापट मारली. आम्हीही दोन शब्द बोलून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न आमच्या मागोमाग आला. वाचकहो, उद्धट म्हणून टाकून द्यावा असा तो प्रश्न नव्हता. त्याचे नीट उत्तर आपल्याला देता येत नसेल, तर त्या मुलाला उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आमच्या मनाने घेतले. पुढे लिहिले आहे ते त्या उत्तराचा शोध म्हणूनच लिहिले आहे.

पहिली गोष्ट ही की, खेळ म्हटला की नाक मुरडणे हे आपल्या संप्रदायाला शोभणारे नाही. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू, टिपरी अशा खेळांवर अभंग आहेत. नाथबाबांनी फुगडीवर भारूड केले. वारीच्या वाटेवर रिंगण होते, म्हातारे-म्हाताऱ्या फुगड्या घालतात, आणि काल्याच्या दिवशी तर देवच गोपाळांचा खेळगडी होतो. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीच्या उत्पत्तीलासुद्धा लीलेची उपमा दिली आहे. तेव्हा खेळ हा काही पापाचा धंदा नव्हे. मोबाइलवरचे खेळ म्हणून ते सगळे वाईट, असेही म्हणता येणार नाही. 2023 साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या संगणकी खेळांना पदके होती आणि आपल्या देशाचे खेळाडूही तिथे गेले होते. पुष्कळ मुले तास-अर्धा तास खेळतात आणि उठून अभ्यासाला लागतात. त्यांना व्यसनी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

मग व्यसन कशाला म्हणावे? आमचे शिक्षण पाठशाळेतले. म्हणून आधी शब्दापाशी जातो. 'वि' आणि 'अस्' म्हणजे फेकणे, यापासून हा शब्द झाला. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात याची फोड अशी केली आहे की, जे माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन. पहा, व्याख्येत वस्तूचे नाव नाही. दारू, फासे, शिकार, मोबाइल असे काही नाही. फेकला जाणारा माणूस आहे, आणि तो कशापासून फेकला गेला ते आहे. म्हणजे हातात काय आहे हे पाहून व्यसन ओळखता येत नाही; हातातून काय सुटले हे पाहावे लागते.

आजचे वैद्यकशास्त्र जवळजवळ हेच सांगते, हे कळले तेव्हा आम्हाला नवल वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या 11 व्या आवृत्तीत खेळाच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. ही आवृत्ती मे 2019 मध्ये संमत झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात लक्षणे तीन. एक, खेळणे कधी सुरू करावे, किती करावे, कधी थांबावे यावरचा ताबा सुटणे. दोन, जेवणखाण, अभ्यास, नातीगोती या सर्वांच्या आधी खेळ येणे. तीन, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. आणि हे सारे साधारणपणे बारा महिने दिसावे, त्यामुळे घरात, शाळेत, कामात ठळक बिघाड झालेला असावा. बिघाड फारच तीव्र असला तर बारा महिने थांबण्याचे कारण नाही. आपले पोर चार दिवस सुट्टीत खेळले म्हणून घाबरू नये, आणि वर्षभर जिन्यात बसून खेळत असेल तर 'वय आहे, सुटेल' म्हणून डोळेझाकही करू नये. तास मोजून हा आजार ठरत नाही. तास हा धूर आहे. आग कुठे आहे ते पाहावे.

ही आग आजची नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. तो जुगारी ठरवतो की, आता खेळायचे नाही, सोबती गेले तरी आपण मागे राहायचे. पण पटावर फासे पडल्याचा आवाज कानी येतो आणि त्याची पावले तिकडे वळतात. घरी बायको दुरावलेली, आई रडते आहे, आणि शेवटी त्याला उपदेश होतो तो असा की, फासे टाक आणि शेत नांगर. वाचकहो, फाशांच्या जागी मोबाइलची घंटी ठेवा आणि सोबत्यांच्या जागी मोबाइलवरची टोळी ठेवा. हजारो वर्षांत माणसाच्या मनात काही फरक पडलेला दिसतो काय?

आता महाभारतातली नळाची कथा आठवा. नळराजाच्या अंगात कली शिरला आणि तो पुष्कराशी फासे खेळू लागला. महिनेच्या महिने खेळला. दमयंतीने विनवले, मंत्र्यांनी विनवले, नगरजन दारात आले. त्याच्या कानात काही शिरेना. राज्य गेले. पुढे तो कली बाहेर पडला कसा? शापाने नव्हे, माराने नव्हे. ऋतुपर्ण राजाने नळाला 'अक्षहृदय' म्हणजे फाशांचे मर्म शिकवले, आणि ते ज्ञान होताच कली त्याच्या अंगातून बाहेर निघाला. खेळाचे मर्म कळले की खेळाची भूल उतरते, हा या कथेचा अर्थ आम्ही आजवर कीर्तनात कधी सांगितला नव्हता. त्या मुलामुळे तो आम्हाला दिसला.

तर या नव्या फाशांचे मर्म काय? आम्ही एका जाणत्या तरुणाकडून ते समजून घेतले. त्याने स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे उदाहरण दिले. त्याने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबूतर पोटापुरते चोच मारते. पण दाणा कधी मिळेल, कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसला, तर ते थांबता थांबत नाही. पुष्कळ खेळांत हीच युक्ती बसवलेली असते. पेटी उघडली की कधी मोठे बक्षीस, कधी काहीच नाही. रोज हजेरी लावली तर काही मिळणार, एक दिवस चुकला तर साखळी तुटणार. वर चढलात की काही महिन्यांनी पायरी पुन्हा खाली. डाव संपला की लगेच दुसरा डाव तयार. टोळीत चार मित्र वाट पाहत असतात, म्हणून उठणे म्हणजे दगा देणे. आणि मधून मधून पोशाख, हत्यारे अशा काल्पनिक वस्तू खऱ्या पैशाला विकत. मुलगा आळशी म्हणून खेळतो असे आपण समजतो; पण त्याला उठू न देण्यासाठी शहाणी माणसे पगार घेऊन दिवसभर काम करीत असतात. आई एकटी, बाप लोकलमध्ये, आणि समोर ही एवढी फौज. हे कळल्यावर मुलाचा राग निम्मा उतरतो. पैसे लावून खेळायच्या खेळांचे प्रकरण तर इतके वाढले की, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संमत करावा लागला. पण पैसे न लावताही मन पणाला लावता येते, आणि त्याला कायदा पुरा पडत नाही.

हानी किती होते ते सांगून कोणाला भिववावे असे आमच्या मनात नाही. तरी मार्च 2019 मध्ये आपल्याच मराठवाड्यात हिंगोलीजवळ रुळांवर पबजी खेळण्यात गुंग झालेले दोन तरुण रेल्वेखाली गेले, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी जानेवारीत एका अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याच खेळावर बंदी मागितली होती. पोरांनाच कधी कधी आपल्याआधी कळते. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने इतर कारणांनी तो खेळ बंद केला. पण 2021 मध्ये तो नव्या नावाने परत आला. एक दार बंद केले तर दुसरे उघडते. म्हणून आतल्या माणसाकडेच वळावे लागते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आमचा जागर आणि त्याचा जागर, फरक काय?

आम्ही प्रथम गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे धाव घेतली. तिथे भगवंतांनी सुखाचे प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे. राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे. कसोटी चांगली आहे. टाळ धरायला शिकताना हात दुखतो, पखवाज शिकताना बोटे सुजतात, मग गोडी येते. खेळात पहिल्या क्षणालाच गोडी, आणि पहाटे चारला तोंड कडू.

दुसरी गोष्ट आम्हाला सप्ताहात दिसली. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पण ती एकाच माणसाच्या गळ्यात सात दिवस असते काय? नाही. पहारे लावलेले असतात. आपला पहारा संपला की पुढचा येतो, एकमेकांच्या पाया पडतात, वीणा त्याच्या गळ्यात जाते, आणि हा कामावर जातो. नाम अखंड आहे, पण माणसाला उठायची वेळ ठरवून दिलेली आहे. संतांनी उठण्याची सोय करून ठेवली. खेळ करणाऱ्याने उठण्याची वाट बुजवून ठेवली. हा फरक लहान नव्हे.

इतके सुचल्यावर आम्हाला वाटले, उत्तर मिळाले. पण खरे सांगायचे तर मनाला खात्री पटेना. कारण त्याच आठवड्यात आमच्याच घरी एक प्रसंग घडला. आमच्या एका टाळकऱ्याने आमची कीर्तने यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली होती. किती लोकांनी पाहिले, किती जणांनी अंगठा दाखवला, हे मोबाइलवर दिसते. आम्ही रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आकडे पाहू लागलो होतो. पुन्हा पुन्हा पाहायचे. वाढले तर आनंद, न वाढले तर खिन्न. त्या रात्री सौभाग्यवतीला ताप होता. तिने पाणी मागितले. आम्ही "हो, हो" म्हणालो आणि आकडे पाहत राहिलो. तिने पुन्हा मागितले. तिसऱ्यांदा तिने मागितले नाही. ती स्वतः भिंतीला धरून उठली आणि माठापाशी गेली. भांड्याचा आवाज झाला तेव्हा आम्ही मान वर केली.

सज्जनहो, मोबाइलवर काय होते? हरिकीर्तनच होते. विषय पवित्र, आणि माणूस मात्र फेकलेला. मुलगा जिन्यात बसला होता, आम्ही अंथरुणावर पडलो होतो, एवढाच भेद. विषय देवाचा आहे म्हणून सुटका होत नाही, हे त्या रात्री आम्हाला कळले आणि लाज वाटली. कित्येक जण सप्ताहामागून सप्ताह फिरतात आणि घरी म्हातारी आई एकटी असते. तेही याच रांगेत आले.

मग पांडुरंगाची आठवण झाली, आणि पांडुरंगापेक्षाही पुंडलिकाची. आपल्या संप्रदायाचा पाया काय? पुंडलिक आई-बापांची सेवा करीत बसला होता. दारात साक्षात देव आला. असा पाहुणा ज्याच्या दारी येईल तो हातातले टाकून धावेल. पुंडलिक उठला नाही. त्याने वीट मागे टाकली आणि देवाला थांबवले. देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून अजून उभा आहे. आम्ही ही कथा शेकडो वेळा सांगितली, पण तिचे मर्म आता उघडले. ज्याला देवालाही थांबवता आले, तोच भक्त. आणि जो थांबवल्यावर रुसत नाही, थांबतो, तोच देव. ज्याला एक क्षण थांब म्हटले तर आपले आतडे पिळवटते आणि जे आपल्याला थांबूच देत नाही, त्याचे नाव कितीही सुंदर असो, ते व्यसन.

हेच त्या मुलाला द्यायचे उत्तर. तुझे वेड वाईट आणि आमचे चांगले, हे कोणी ठरवून दिलेले नाही. दोघांनी एकच परीक्षा द्यायची. आई हाक मारते तेव्हा हातातले खाली ठेवता येते का? येत असेल तर तुझा खेळही निर्मळ आहे. येत नसेल तर आमचे भजनही मलिन आहे.

पुढच्या एकादशीला आम्ही त्याला बाजूला घेऊन हे सांगितले, आमचा तो रात्रीचा प्रसंगही सांगितला. तो प्रथमच हसला. मग म्हणाला, "महाराज, मला थांबता येत नाही. मी खूपदा ठरवले." हे वाक्य ज्या दिवशी तोंडातून निघते, त्या दिवशी निम्मे काम होते. आणि मागून कळले की, वडिलांची नोकरी गेल्यापासून घरात रोज भांडण होते. 2020 च्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून मोबाइल हातात आला आणि त्या दोन खोल्यांत त्याला दुसरी पळायची जागा नव्हती. खेळात तो टोळीचा नायक होता. घरात तो नापास होता. मोबाइल हिसकावला असता तर त्याची एकुलती एक जागा गेली असती. म्हणून एकदम हिसकावू नये. त्याने पोर बिथरते, कधी जिवावर उदार होते.

काय केले ते थोडक्यात सांगतो. त्याच्याशीच बसून वेळ ठरवली. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल, बापाचासुद्धा, देवापाशी एका डब्यात. बापाने आधी कुरकुर केली. पण आपण नियम पाळायचा नाही आणि पोराकडून पाळून घ्यायचा, हे चालत नाही. खेळातले पैशाचे खाते बंद केले. मग आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेले. इथे काही हरिभक्तांना वाटेल, माळ घातली की पुरे, डॉक्टर कशाला? बाबांनो, ताप आला तर आपण तुळशीचा काढा घेतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या तापाला निराळा न्याय का? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशा त्रासासाठी 2014 पासून खास विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली; 14416 या क्रमांकावर फोन केला की बोलायला माणूस मिळते. यात कमीपणा काही नाही.

आणि रिकामी जागा भरायला हवी. निराहार राहिल्याने विषय दूर होतात, पण गोडी राहते. ती गोडी त्याहून श्रेष्ठ दर्शनाने जाते, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्या आषाढीला आम्ही मुलाला दिंडीबरोबर आळंदीहून सासवडपर्यंत नेले. मोबाइल घरी. दुसऱ्या रात्री तो तंबूमागे जाऊन रडला, हात थरथरत होते. कोणी टोचून बोलले नाही. एका माउलीने त्याच्या पायांना तेल लावले. दिवेघाट चढताना एका म्हाताऱ्याचे गाठोडे त्याने आपणहून डोक्यावर घेतले. घाटमाथ्यावर म्हातारा त्याच्या पाया पडला, वारीच्या रीतीप्रमाणे. पोर भांबावले. खेळात त्याने हजारो लढाया जिंकल्या होत्या, पण त्याच्या पायांना कोणी हात लावला नव्हता.

तो पूर्ण सुटला असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षेच्या आधी घसरला. दिवाळीत पुन्हा घसरला. आईने कळवले तेव्हा आम्ही सहाव्या अध्यायातले भगवंतांचे सांगणे तिला सांगितले की, चंचल मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून परत आणावे. एकदाच आणावे असे म्हटलेले नाही. जितक्या वेळा पळेल तितक्या वेळा. अभ्यास याचा अर्थच पुन्हा पुन्हा. आता तो रविवारी तासभर खेळतो, आणि गुरुवारी पखवाजाच्या शिकवणीला येतो. हात अजून बसलेला नाही, ठेका धावतो.

आम्हीही आकडे पाहणे सोडले आहे, असे लिहायला आवडले असते. मोबाइल मात्र रात्री दुसऱ्या खोलीत असतो, आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असतो. वाचकहो, आज रात्री तुम्हीही एकदा पाहा. घरातून हाक येईल तेव्हा तुमच्या हातात काय असेल? आणि ते विटेवर उभे करता येईल काय?

रामकृष्ण हरी.